घरच्या कापडाचे दोन तुकडे

येत्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतील, आणि जॉन ॲडम्स व थॉमस जेफरसन यांना जाऊन २००. दोघेही १८२६ साली त्याच दिवशी, काही तासांच्या अंतराने गेले. एरवी हे निमित्त मी मनापासून साजरं केलं असतं, पण गेल्या वर्षापासून मन खट्टू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रमुख कॉलीन शोगन यांना तडकाफडकी दूर केलं गेलं. एप्रिलमध्ये मानव्यविद्यांसाठीच्या राष्ट्रीय निधीची हजाराहून अधिक मंजूर अनुदानं रद्द झाली. जुनी पत्रं लावून, ताडून, टिपा देऊन छापण्याचं काम अशाच पैशांवर चालतं.

अमेरिकेच्या संस्थापकांच्या कागदांवर एकोणिसाव्या शतकात झालेल्या कामाविषयी फार सांगावंसं वाटत नाही. जॅरेड स्पार्क्सने वॉशिंग्टनची पत्रं छापताना त्यांची भाषा परस्पर ‘सुधारली’. वॉशिंग्टनने वापरला नाही, अशा अध्यक्षीय भाषणाच्या मसुद्याची पानं कापून त्याने हस्ताक्षराचे नमुने म्हणून लोकांना वाटली. पुढे हा गृहस्थ हार्वर्डचा अध्यक्ष झाला. त्याला मी आजही माफ केलेलं नाही.

खरं काम सुरू झालं ते १९५० मध्ये, प्रिन्स्टनला ज्युलियन बॉइडने जेफरसनचा पहिला खंड काढला तेव्हा. गेलेली पत्रं आणि आलेली पत्रं, दोन्ही एकत्र, तारखेवार, टिपांसकट. इतिहासाचार्य राजवाड्यांनी छापलेल्या जुन्या कागदांच्या खंडांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला ही शिस्त लगेच ओळखीची वाटली. पण ते खंड पुण्यात मिळणार कुठे? एका ग्रंथालयात दोन-चार सुटे खंड होते, तेही ‘कोणी मागत नाही’ म्हणून रद्दीत निघाले. मी मागत होतो, आणि नोंदवहीत माझी सहीही होती.

म्हणून २०१३ नंतरची दहा वर्षं माझ्यासाठी सुगीची. त्या जूनमध्ये अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या साथीने ‘फाउंडर्स ऑनलाइन’ खुलं केलं. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि नंतर जॉन जे, सगळ्यांचे मिळून आज पावणेदोन लाखांहून अधिक कागद तिथे आहेत. शुल्क नाही, शिफारसपत्र नाही. रात्रीचं जेवण झालं की मी सदाशिव पेठेतून थेट ॲडम्सच्या गावी, क्विन्सीत जाऊन बसायचो.

तिथेच १ जानेवारी १८१२ चं पत्र भेटलं. १८०० च्या निवडणुकीनंतर ॲडम्स-जेफरसन यांचा अबोला पडला होता. बेंजामिन रश या जुन्या स्नेह्याने दोघांमागे लकडा लावला, आणि अखेर ॲडम्सने पहिलं पाऊल टाकलं. घरी विणलेल्या कापडाचे दोन तुकडे पाठवतो आहे, असं त्याने कळवलं. पार्सल मागे राहिलं, पत्र आधी पोहोचलं. जेफरसनने ते अक्षरशः घेतलं आणि उत्तरात व्हर्जिनियात घरोघरी कसं सूत कातलं जातं, मेंढ्या कशा वाढल्या आहेत, हे आपुलकीने लिहिलं. मग पार्सल आलं. त्यात कापड नव्हतंच. होते ॲडम्सच्या मुलाच्या, जॉन क्विन्सीच्या, वक्तृत्वशास्त्रावरच्या व्याख्यानांचे दोन खंड! बापाने लेकाच्या ग्रंथांना कौतुकाने घरचा माल म्हटलं होतं. म्हातारपणीची ही दोस्ती पुढे १४ वर्षं टिकली.

हे मला नुसत्या पत्रातून कळलं नसतं. खाली टीप होती म्हणून कळलं. ती टीप लिहिणाऱ्याने दोन्ही पत्रं, पार्सलची हकिकत आणि ते ग्रंथ यांचा मेळ घातला होता. आता ‘हस्ताक्षर संगणक वाचतो, मग संपादक कशाला’ असं शिकले-सवरलेले लोक मला विचारतात, तेव्हा संताप येतो. संगणकाने कापड हा शब्द बिनचूक लावला, तरी जेफरसन फसला तसाच वाचकही फसेल.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत ॲडम्स घराण्याच्या कागदांचं काम १९५४ पासून चालू आहे आणि अजून पुरं व्हायचं आहे. प्रिन्स्टनचंही व्हायचं आहे. या कामात मुरलेला संपादक तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तो एकदा दुसऱ्या नोकरीला लागला की परत येत नाही. २५० वर्षांच्या सोहळ्यांना पैसा कमी पडणार नाही. रद्द केलेली अनुदानं आधी परत द्या, आणि मग हवे तेवढे सोहळे करा.