गाठ एका प्रथिनाशी

2002 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अस्थिमज्जेतल्या पेशी बिघडून होणारा ‘एएल’ अमायलॉइडोसिस असावा असं वाटलेल्या 350 रुग्णांची त्यांनी जनुकं तपासली. त्यांतल्या 34 जणांचा आजार आनुवंशिक निघाला. घरात कुणालाच तो झाल्याची नोंद नव्हती! एएलवर केमोथेरपी देतात. या रुग्णांना तिचा काडीचाही उपयोग झाला नसता, त्रास मात्र पुरता झाला असता.

या 34 जणांत फायब्रिनोजेनचा दोष असलेले बरेच होते. रक्त गोठवणारं हे प्रथिन यकृतात तयार होतं. त्याच्या साखळीत सर्वाधिक आढळणारा दोष 526व्या जागी आहे: ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. (विदर्भात, नंदुरबारात परिचित असलेल्या सिकलसेलमध्येही हीच अदलाबदल होते, पण हिमोग्लोबिनमध्ये.) बदललेल्या फायब्रिनोजेनचे तुकडे चिवट तंतू बनून मूत्रपिंडात साचतात. बहुधा उतारवयाकडे झुकताना लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, रक्तदाब वाढतो आणि काही वर्षांत डायलिसिसची वेळ येते.

बायोप्सीच्या तुकड्याला काँगो रेड रंग देऊन ध्रुवित प्रकाशात पाहिलं की अमायलॉइड (म्हणजे असे साचलेले तंतू) हिरवं चमकतं. पण ते कोणत्याही प्रकारचं असलं तरी हिरवंच दिसतं, आणि घोटाळा इथेच होतो. जाणकार पॅथॉलॉजिस्टला मात्र शंका येते, कारण फायब्रिनोजेनच्या प्रकारात रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे पुंजके तंतूंनी गच्च भरलेले असतात आणि शेजारच्या रक्तवाहिन्या जवळजवळ स्वच्छ. खात्री होते ती मास स्पेक्ट्रोमेट्रीने प्रथिन ओळखल्यावर आणि जनुकचाचणीनंतर. माझ्या मते औषधयोजना ठरवण्याआधी एवढं झालंच पाहिजे.

फायब्रिनोजेनचं सदोष जनुक आईवडिलांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी. मात्र ज्याच्यात ते आहे त्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. उत्तर पोर्तुगालमधल्या ब्रागा भागात अशी अनेक कुटुंबं आढळली आहेत.

नवं मूत्रपिंड बसवलं तरी यकृत सदोष प्रथिन बनवतच राहतं, त्यामुळे काही वर्षांत तेही निकामी होऊ शकतं. म्हणून निवडक रुग्णांत यकृत आणि मूत्रपिंड दोन्हींचं प्रत्यारोपण करतात. आपल्याकडे मूत्रपिंड बहुधा घरातलंच कुणीतरी देतं. अशा वेळी धडधाकट दिसणाऱ्या भावाची किंवा बहिणीचीही जनुकचाचणी आधी व्हायला हवी.