फॉन्ट बसवायचा, पण कुठे?

संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसू लागले, की आपण फॉन्टला दोष देऊन मोकळे होतो. अनेकदा फॉन्टची फाइल संगणकात असते. ती शोधणाऱ्या यंत्रणेला मात्र तिचा ठावठिकाणा ठाऊक नसतो. लिनक्ससारख्या मुक्त स्रोत प्रणालींमध्ये फॉन्ट बसविणे म्हणजे मुख्यतः दोनच कामे: फाइल योग्य डिरेक्टरीत ठेवणे आणि त्या डिरेक्टरीची सूची अद्ययावत करणे. त्यामुळे फॉन्ट बसविणाऱ्या कोणत्याही साधनाचा खरा कस लागतो तो डिरेक्टरींच्या मांडणीत.

सूची होती, पण विखुरलेली

जुन्या एक्स विंडो प्रणालीत फॉन्टच्या प्रत्येक डिरेक्टरीत 'फॉन्ट्स डॉट डिर' नावाची सूची असावी लागे. ती 'एमकेफॉन्टडिर' या आज्ञेने तयार करायची आणि डिरेक्टरीचा मार्ग प्रणालीला वेगळा कळवायचा. यातील एक पायरी विसरली, की फॉन्ट असून नसल्यासारखा. छपाईच्या सॉफ्टवेअरची व्यवस्था आणखी निराळी. हा विस्कळीतपणा आवरण्यासाठी डेबियन प्रकल्पात 'डिफोमा' हे साधन आले. एकच फॉन्ट अनेक प्रोग्रॅमकडे नोंदविण्याचे काम ते करीत असे.

2000 च्या दशकाच्या आरंभी कीथ पॅकार्ड यांच्या पुढाकाराने 'फॉन्टकॉन्फिग' ही प्रणाली पुढे आली आणि चित्र पालटले. ठरवून दिलेल्या डिरेक्टरी आणि त्यांच्या पोटातील सर्व उपडिरेक्टरी ती स्वतः धुंडाळते, प्रत्येक फॉन्टमध्ये कोणती अक्षरे आहेत याची नोंद करते आणि ही नोंद साठवून ठेवते. पुढे डिफोमाची गरजच उरली नाही आणि डेबियनने ते निवृत्त केले.

तीन घरे, तीन मालक

फॉन्टची जागा ठरविताना त्याचा मालक कोण, हा प्रश्न प्रथम विचारावा. 'यूएसआर' डिरेक्टरीतील 'शेअर' आणि तिच्यातील 'फॉन्ट्स' ही जागा वितरणाबरोबर पॅकेजमधून येणाऱ्या फॉन्टची. येथे हाताने फाइल टाकणे टाळावे. पॅकेज व्यवस्थापकाच्या दफ्तरी अशा फाइलची नोंद नसते आणि पुढील अद्ययावतीकरणात त्याच नावाची फाइल आली, तर आपली फाइल पुसली जाऊ शकते.

'यूएसआर'मधील 'लोकल' या शाखेत, पुन्हा 'शेअर' आणि 'फॉन्ट्स' अशा क्रमाने, दुसरी जागा असते. त्या संगणकाच्या प्रशासकाने सर्वांसाठी बसविलेले फॉन्ट तेथे ठेवावेत. तिसरी जागा वापरकर्त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीत 'डॉट लोकल', 'शेअर', 'फॉन्ट्स' अशी असते. तेथे फॉन्ट ठेवण्यास प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही. पूर्वी यासाठी 'डॉट फॉन्ट्स' ही डिरेक्टरी वापरली जाई. आता ती पद्धत कालबाह्य मानली जाते. नावाच्या आरंभी टिंब असलेल्या डिरेक्टरी एरवी दृष्टीआड राहतात. त्यामुळे तेथे पडून राहिलेले जुने फॉन्ट वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत.

आतील रचना

डेबियनमध्ये आधी प्रकारानुसार 'ट्रूटाइप' वा 'ओपनटाइप' अशी विभागणी असते आणि त्याखाली प्रत्येक फॉन्टकुलाची डिरेक्टरी. फेडोरात प्रकाराचा टप्पा वगळून थेट पॅकेजच्या नावाची डिरेक्टरी असते. गूगल फॉन्ट्सच्या स्रोतभांडारात सर्वप्रथम परवान्यानुसार वर्गवारी केलेली आहे. फॉन्टकॉन्फिग आतपर्यंत शोध घेत असल्यामुळे यांपैकी कोणतीही रचना चालते. एका डिरेक्टरीत एकच फॉन्टकुल आणि सोबत त्याचा परवाना, हे पथ्य मात्र पाळायला हवे.

परवान्याचा मुद्दा केवळ औपचारिक नाही. 'एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स'ची 1.1 ही आवृत्ती 2007 मध्ये आली. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट याच परवान्याखाली उपलब्ध आहे. फॉन्टची प्रत पुढे देताना हक्कसूचना आणि परवाना सोबत असावा, अशी त्याची अट आहे. केवळ फॉन्टची फाइल उचलून परवाना टाकून देणारे साधन वापरकर्त्याला नकळत अटभंगाकडे नेते.

मराठीचा 'ल' आणि 'श'

मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे असतात. ओपनटाइप तंत्रात दोन्ही वळणे एकाच फाइलमध्ये ठेवून मजकुराच्या भाषेनुसार योग्य ते दाखविता येते. रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त केलेल्या आणि 2011 मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली आलेल्या लोहित मालिकेत आधी मराठी आणि हिंदीसाठी स्वतंत्र फॉन्ट होते. पुढे 'लोहित देवनागरी' हा सामाईक फॉन्ट आला. आता एखाद्याच्या संगणकात जुना फॉन्ट वैयक्तिक डिरेक्टरीत आणि नवा प्रणालीच्या डिरेक्टरीत असेल, तर तोच मजकूर दोन संगणकांवर दोन वळणांत दिसू शकतो. अक्षरांची रुंदी बदलली, तर ओळी आणि पानेही सरकतात. स्मरणिका वा प्रबंध छपाईला देणाऱ्यासाठी हा प्रश्न खर्चाचा ठरतो.

युनिकोडपूर्व फॉन्टची गोष्ट त्याहून नाजूक आहे. त्यांपैकी अनेकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असतात. त्यामुळे फॉन्टकॉन्फिगच्या लेखी ते रोमन फॉन्टच ठरतात. ते पुसून टाकले, तर त्यांत टंकलेले जुने दस्तऐवज वाचता येत नाहीत. असे फॉन्ट वेगळ्या डिरेक्टरीत, ओळखता येईल अशा नावाने जपावेत आणि मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम हाती घ्यावे.

तपासणी कशी करावी?

नवी फाइल ठेवल्यावर 'एफसी-कॅश' ही आज्ञा द्यावी, म्हणजे सूची नव्याने तयार होते. आधीपासून उघडा असलेला प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. 'एफसी-लिस्ट' या आज्ञेने प्रत्येक फॉन्टचा मार्ग दिसतो. एकच नाव दोन ठिकाणी आढळल्यास नको असलेली प्रत काढावी. विशिष्ट नावाला प्रत्यक्षात कोणता फॉन्ट मिळतो, हे 'एफसी-मॅच' सांगते. फॉन्ट नव्याने उतरवून घेण्यापूर्वी या तीन आज्ञा देऊन पाहाव्यात. हरवलेला फॉन्ट पुष्कळदा घरातच सापडतो.