सोन्याच्या पाळण्यातली जागरणे

‘जालना, सोने का पालना’ अशी आमच्या गावाची जुनी ख्याती आहे. मोंढ्यातल्या उलाढालीवरून कुणीतरी गावाला सोन्याच्या पाळण्याची उपमा दिली. मी पडले मराठीची अध्यापिका; एका शब्दाचे दोन अर्थ काढायची मला खोड. हिंदीत ‘सोना’ म्हणजे झोपणेही. पण ह्या पाळण्यात तीन वर्षे मला काही सुखाची झोप लागली नाही!

सुरुवात दिवाळीतच झाली. चकल्या पाडताना सोऱ्या फिरवेना. खांदे, पाठ, कंबर, मांड्या सारेच ठणकू लागले. फराळ संपला, दिवाळी संपली, दुखणे मात्र राहिले. रात्री आठ तास पडून राहावे आणि सकाळी उठताना वाटावे, रात्रभर कुणाच्या घरचे दळण दळून आले आहे. रक्त तपासले, एक्स-रे काढले. सारे निर्दोष! एका डॉक्टरांनी सांगितले, “मनाला लावून घेऊ नका.” सासूबाई म्हणाल्या, “आम्ही विहिरीचे पाणी ओढले, पण असे दुखणे नाही हो ऐकले.” मलाही वाटू लागले, आपण ढोंगी तर नाही?

शेवटी संभाजीनगरच्या सांधेदुखी-तज्ज्ञ बाईंनी दुखण्याचे नाव सांगितले: फायब्रोमायाल्जिया. ह्यात सांधे सुजत नाहीत, हाडे झिजत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचा आवाज वाढवून ऐकतात, जणू रेडिओचे बटण कुणी पिळून ठेवले आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे अधिक आढळते. आपल्याकडे अशा दुखण्यांची दखलच उशिरा घेतली गेली. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन पाहणी सुरू केली, तेव्हा नेमक्या सांधेरोगात न बसणारी अंगदुखी किती जणांना आहे, हे दिसून आले.

झोपेचा संबंध तर फारच जवळचा. टोरोंटोच्या डॉ. मोल्डोफ्स्की यांनी १९७५ साली दाखवले, की अशा रोग्यांच्या गाढ झोपेत जागेपणाच्या लहरी घुसतात. मग त्यांनी काही निरोगी तरुणांची गाढ झोप मुद्दाम आवाज करून मोडली. त्या धडधाकट मुलांचे अंग दुखू लागले! पुन्हा स्वस्थ झोपू दिल्यावर ती बरी झाली. सर्वच रोग्यांत तशा लहरी सापडत नाहीत, हे पुढे कळले. पण दुखण्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने दुखणे वाढते, हे चक्र खरेच.

आता जरा अवघड गोष्ट. तज्ज्ञ बाईंनी शेवटी विचारले, “यजमानांशी संबंध कसे आहेत?” मी म्हणाले, “ते फार चांगले आहेत.” त्या हसल्या. त्यांचा प्रश्न वेगळा होता, आणि मला तो समजलाही होता. वर्गात मी शृंगाररसावर तास घेते, लावणी शिकवते. इथे मात्र एक वाक्य तोंडातून फुटेना! र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि ह्या विषयावर स्वच्छ मराठीत लिहिले. एवढ्या वर्षांनी एका मराठीच्या एम. ए. बाईला शब्द सापडू नये?

बाईंनीच सांगितले, की ह्या आजारात इच्छा मंदावते. थकवा, अपुरी झोप, उदासपणा ही तिची कारणे. कधी स्पर्शच दुखतो, कधी ओटीपोटाखालचे स्नायू आवळल्याने संबंध वेदनेचा होतो. काही औषधांनीही इच्छा कमी होते. तेव्हा औषध आपल्या मनाने न सोडता डॉक्टरांना सांगावे. पाळी जाण्याच्या वयातल्या कोरडेपणावर उपाय आहेत, स्नायू सैल करण्याचे व्यायाम आहेत.

त्या रात्री मी ह्यांना सगळे सांगितले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “अगं, मला वाटत होते, तुला माझा कंटाळा आलाय.” आणि मी समजत होते, की हेच माझ्यावर रुसले आहेत! तीन वर्षे एका खोलीत दोघे जागे, आणि दोघांचाही समज चुकीचा.

आता आम्ही पहाटे मोतीबागेकडे फिरायला जातो. आधी दहा मिनिटे, मग हळूहळू अर्धा तास. युरोपातील सांधेदुखी-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सर्वांत ठाम शिफारस केली ती व्यायामाचीच. निजण्या-उठण्याची वेळ ठरली आहे, दुपारनंतर चहा बंद. रात्री एक सौम्य गोळी असते. जवळ येण्यासाठी मध्यरात्रीचा मुहूर्त आम्ही सोडला. सुट्टीची निवांत दुपार बरी. कधी नुसते हात हातात घेऊन पडणेही पुरते, हे आम्हांला चाळिशीनंतर कळले.

दुखणे गेले आहे, असे म्हणणार नाही. यंदाच्या चकल्या मात्र ह्यांनी पाडल्या; थोड्या वाकड्या झाल्या आहेत. भगिनींनो, तुमचे रिपोर्ट निर्दोष असतील आणि अंग दुखत असेल, तर ढोंगीपणाचा दोष स्वतःला लावू नका. डॉक्टरांना झोपेविषयी सांगा, आणि त्या दुसऱ्या गोष्टीविषयीही सांगा. आणि हा अंक घरातल्या पुरुषमाणसाने आधी उचलला असेल, तर त्याने हे पान उघडे ठेवूनच तो बायकोच्या हाती द्यावा.