घरचं कुत्रं घरच्यावरच दात विचकतं तेव्हा

कोपरगाव तालुक्यात वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याचं कुत्र्याशिवाय भागत नाही. गोदावरीच्या कालव्यांवर ऊस वाढला, तशी कितीतरी घरं गावठाण सोडून शेतात गेली. गोठ्यात दुभती जनावरं, रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जायचं आणि बांधाला लागून उसाचा फड. म्हणून एक कुत्रं गेलं की दुसरं शोधावंच लागतं. पण दर वेळी लहान पिल्लू मिळतं असं नाही. मग कुणी बाजारपेठेतलं मोठं झालेलं कुत्रं उचलून आणतो, कुणी तोडीची टोळी गेल्यावर मागे राहिलेलं धरतो, तर कुणी शहरातल्या पाहुण्यांना न झेपलेलं वस्तीवर घेऊन येतो.

यातली बरीच कुत्री आठ-पंधरा दिवसांत रुळतात. काही मात्र कोपऱ्यात दबून बसतात, हात पुढे केला की गुरगुरतात आणि एखाद्या दिवशी रोज भाकर घालणाऱ्या मालकिणीच्याच हाताला दात लावतात. मग घरात एकच सूर निघतो, ‘खाल्ल्या अन्नाला जागलं नाही.’ कुणी काठी घेतो, कुणी पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून येतो. या दोन्ही उपायांनी दुखणं बरं होत नाही. एकानं ते वाढतं आणि दुसऱ्यानं ते शेजारच्या गावच्या पोरांच्या वाट्याला जातं.

भीतीचं कारण ओळखा

असं कुत्रं बहुतेक वेळा माजलेलं नसतं, भ्यालेलं असतं. त्यानं आधी दगड खाल्लेले असतात, काठी पाहिलेली असते. नव्या जागी माणसं अनोळखी, जनावरं अनोळखी, त्यात ट्रॅक्टरवरच्या टेपचा आवाज आणि लग्नसराईतले फटाके. पळायला जागा असेल तर भ्यालेलं कुत्रं पळतं. आपण त्याला आखूड साखळीनं बांधतो, म्हणजे पळायची वाट बंद होते. उरतो फक्त दात.

रात्रीची भीती तर खरीच असते. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला होता. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या एकूण खाद्यात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. फडाच्या कडेला उघड्यावर बांधलेलं कुत्रं रात्रभर थरथरत असेल, तर सकाळी ते चिडकं असणारच. त्याला रात्री दार लागेल अशा खोलीत किंवा बंदिस्त गोठ्यात ठेवा. तिथूनही ते भुंकून राखण करतं.

तिसरं कारण दुखणं. कानात गोचीड, जखमेत पडलेले किडे, हिरडीत रुतलेलं हाड, गाडीचा जुना मार. अशा दुखऱ्या जागी हात लागला की गरीब कुत्रंही चावतं. म्हणून स्वभावाला दोष देण्याआधी ते पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्यावं.

चावण्याआधी ते सांगतं

‘न सांगता चावलं’ असं आपण म्हणतो. खरं तर त्यानं बऱ्याचदा आधी सांगितलेलं असतं. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली घेणं, अंग ताठ करून जागीच थांबणं आणि मग गुरगुरणं, अशा या पायऱ्या असतात. एखादं कुत्रं सगळ्या पायऱ्या दाखवत नाही, पण बहुतेक दोन-तीन तरी दाखवतात. गुरगुरल्याबद्दल मारलं तर भीती तशीच राहते, फक्त गुरगुर बंद होते. असं कुत्रं पुढच्या वेळी थेट चावतं. गुरगुर ऐकली की हात मागे घ्यायचा, बाजूला व्हायचं आणि ते कशाला घाबरलं हे बघायचं.

पहिल्या तीन महिन्यांचं वेळापत्रक

कुत्री पाळणारे एक ढोबळ हिशेब सांगतात: पहिले 3 दिवस बिचकण्याचे, 3 आठवडे ओळखीचे, 3 महिने घरचं होण्याचे. मार खाल्लेल्या कुत्र्याला याहून जास्त दिवस लागतील.

पहिलं काम, त्याला हक्काची जागा द्या. पडवीचा कोपरा किंवा गोठ्यातली सावलीची बाजू निवडा, तिथं पोतं आणि पाणी ठेवा. ते तिथं असताना कुणी त्याला हात लावायचा नाही, ओढून बाहेर काढायचं नाही.

दुसरं, खाणं ठरल्या वेळी, सुरुवातीला एकाच माणसाच्या हातून. भाकर ठेवायची आणि दूर व्हायचं. चार-सहा दिवसांनी थोडं अंतर ठेवून, अंग तिरकं करून बसायचं. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. भाकरीचा तुकडा आपल्या बाजूला टाकायचा आणि ते आपणहून येण्याची वाट बघायची. जवळ आलं तरी डोक्यावरून हात न्यायचा नाही. वरून येणारा हात त्याला मारायला आल्यासारखा वाटतो. आधी हात हुंगू द्या, मग छातीला किंवा मानेच्या बाजूला क्षणभर खाजवा आणि थांबा. पुन्हा सरकून आलं तर त्याला हवंय, नाही आलं तर त्या दिवशी तेवढंच पुरे.

तिसरं, तोंडातली वस्तू हिसकावू नका. चप्पल धरली असेल तर त्याला आवडणारं काहीतरी लांब टाका. ते तिकडे गेलं की चप्पल उचला. खाताना भांड्यात हात घालून ‘कसं गुरगुरतं बघू’ हा खेळ तर अजिबात नको.

चौथं, दिवसभर आखूड साखळीला बांधू नका. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार फार आखूड वा जड साखळीनं कुत्रं जास्त वेळ जखडून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेलं कुत्रं जास्त चिडकं होतं, हा अनुभवही अनेकांना आहे. दोन खांबांमध्ये तार ओढून साखळीची कडी त्या तारेत घातली, तर त्याला सावलीपासून पाण्यापर्यंत फिरता येतं. सकाळ-संध्याकाळ बांधावरून फिरवून आणा.

पाचवं, मुसकं. बैलाला घालतो तसं जाळीचं मुसकं कुत्र्यालाही मिळतं. तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं ते हवं. आत भाकरीचा तुकडा ठेवून त्याला तोंड घालायची सवय लावली, तर दवाखान्यात नेताना झटापट होत नाही. दोरीनं तोंड आवळून उन्हात ठेवणं जिवावर बेतू शकतं.

लहान मुलांबाबत मात्र सवलत नाही. कुत्रं रुळलं असं वाटलं तरी पोरांना त्याच्याजवळ एकटं सोडू नका. गळ्यात पडणं, झोपेतून उठवणं, शेपूट ओढणं याला सक्त मनाई हवी.

दात लागला तर

कुत्रं घरचं असो वा लस टोचलेलं, दात लागून कातडी फुटली तर ‘आपलंच आहे’ म्हणून गप्प बसू नये. जखम वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद, तेल काहीही लावू नका. लगेच आरोग्य केंद्रात जा. पोटात 14 सुया घेण्याचे दिवस गेले. त्या जुन्या लशीचं उत्पादन देशात 2004 च्या अखेरीस थांबलं. हल्लीची लस दंडावर देतात. सरकारी दवाखान्यात कातडीत द्यायचे डोस पहिल्या दिवशी आणि मग 3, 7 व 28 व्या दिवशी असतात. स्नायूत दिल्यास 14 व्या दिवशीचा एक जादा. रक्त आलेल्या जखमेत त्याशिवाय सिरम भरावं लागतं. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवायची, पण त्यासाठी लस लांबवायची नाही. डोस अर्धवट सोडायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील, आपण नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून इथं हयगय चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, पिसाळल्याचा संशय असलेली जनावरं ज्यांना चावतात, त्यांतली 40 टक्के 15 वर्षांखालची मुलं असतात.

शांत कुत्रं एकाएकी बदललं, लाळ गाळू लागलं, गिळता येईना, काठी-दगडाला चावू लागलं, मागचे पाय लटपटू लागले, तर हा भित्रेपणा नव्हे. ‘घशात हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. माणसं-जनावरं दूर ठेवा आणि पशुवैद्यकाला कळवा.

ग्रामपंचायतीनं काय करावं

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याची लस, जंतनाशक आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे, तर मोकाट कुत्र्यांची स्थानिक संस्थेची. पाळीव जनावरापासून माणसाला धोका होऊ नये यासाठी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दर वर्षी 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून वस्तीनिहाय लसीकरण ठेवावं. कुणाकडे किती कुत्री आणि कोणाला लस झाली, याची वही ग्रामपंचायतीत असावी.

इतकं करूनही एखादं कुत्रं पुन्हा पुन्हा रक्त काढत असेल आणि घरात लहान पोरं असतील, तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्या. दुसऱ्याला द्यायचं झालं, तर त्याचा स्वभाव आणि चावल्याची हकीकत सगळी सांगून, पोरं नसलेल्या घरी द्या. रात्रीतून शिवाराबाहेर सोडून येऊ नका. अशा सोडलेल्या कुत्र्याला लस कधी टोचली, ते कुणाला चावलं, हे पुढच्या गावाला ठाऊक नसतं, आणि चावलं गेलेल्या पोराच्या आईबापानं ते विचारायचं तरी कुणाला?