टकरीची परीक्षा आणि आमची लहान गाडी

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली आणि चारचाकी घेणारे बाबा पहिले. दोन्ही गोष्टी गेल्याच वर्षी घडल्या. वीस वर्षे दुसऱ्याचा टेम्पो चालवल्यावर बाबांनी २०१६ सालची एक लहान मोटार जुन्यात विकत घेतली. तिचे नाव येथे मुद्दामच लिहीत नाही. बाबांचा तिच्यावर फार जीव आहे.

सुट्टीच्या दिवशी आम्ही पाचजण तीतून मनोरला मामाकडे जातो. पुढे बाबा, त्यांच्या शेजारी आई, तिच्या मांडीवर चार वर्षांचा धाकटा भाऊ. मागे आजी आणि मी. विरार फाट्यावरून गाडी अहमदाबाद महामार्गाला लागली, की दोन्ही बाजूंना ट्रेलर धावू लागतात आणि आमची गाडी एकाएकी काडेपेटीएवढी वाटू लागते. याच रस्त्यावर पुढे, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ती गाडी लहान नव्हती, स्वस्तही नव्हती. पुढचे दोघे जखमी होऊनही वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मग आमच्या गाडीचे काय, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. दहावीनंतर माझा भौतिकशास्त्राशी संबंध सुटलेला. तरीही मिळेल ते वाचून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवते.

गाडीची परीक्षा घ्यायची म्हणजे ती मुद्दाम आदळायची. ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेच्या परीक्षेत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका अडथळ्यावर सोडतात. अडथळ्याचा पुढचा भाग मधमाशांच्या पोळ्यासारख्या अॅल्युमिनियमचा असतो, आणि गाडीच्या रुंदीचा फक्त ४० टक्के भाग त्यावर आदळतो. कारण समोरासमोरच्या टकरीत चालक शेवटच्या क्षणी गाडी वळवू पाहतो आणि एकच बाजू सापडते. आत माणसांच्या जागी बाहुल्या असतात. त्यांच्या डोक्यात, छातीत, मांड्यांत मापनयंत्रे बसवलेली असतात. मागे लहान मुलांच्या बाहुल्याही बसवतात.

ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १६ मीटर उंचीवरून खाली पडणे. विरार-नालासोपाऱ्यात ‘तळमजला अधिक चार’ अशा इमारती पुष्कळ आहेत. त्यांच्या गच्चीवरून पडल्यासारखेच. येथे सारा खेळ थांबण्याच्या अंतराचा आहे. गाडीचे नाक चेपले पाहिजे, म्हणजे थांबायला अंतर मिळते. पण माणसे बसतात तो पिंजरा चेपता कामा नये. पट्टा माणसाला गाडीशी बांधून ठेवतो, म्हणून नाक चेपण्याचा लाभ त्याला मिळतो. पट्टा नसेल तर गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढच्या आसनावर किंवा काचेवर जातो. समजा पट्टा लावलेला माणूस ६० सेंटिमीटर अंतरात थांबला, तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ २७ पट जोर येतो. हा हिशेब मी वहीत तीनदा केला. माझा भाऊ १५ किलोचा आहे. त्या क्षणी तो आईच्या हातांना चारशे किलोंचा होईल. कोणती आई एवढे वजन धरून ठेवील?

२०१४ साली या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांची परीक्षा घेतली: अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. हवेच्या पिशव्या नसलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढांच्या संरक्षणात शून्य तारे मिळाले. पहिल्या तिघींचा पिंजराच कमी-अधिक कोसळला. फिगो व पोलोचा टिकला. यातली पोलो आपल्या पुण्याजवळच्या चाकणची. तिचीच दोन पिशव्या असलेली आवृत्ती आदळली, तेव्हा चार तारे मिळाले! पट्टे दोन्ही वेळी बांधलेले होते. म्हणजे मजबूत पिंजरा, पट्टा आणि पिशवी ही तिन्ही एकत्र हवीत. पट्टा न लावता उघडणाऱ्या पिशवीवर जाणे तर उलट घातकच.

त्यानंतर बरेच बदलले. चालकासमोरची पिशवी जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्याची त्यानंतर. जानेवारी २०२० मध्ये पुण्यातच तयार होणाऱ्या अल्ट्रोझ या लहान गाडीने पाच तारे मिळवले. तेव्हा लहान व स्वस्त गाडी कमकुवतच असणार, ही समजूत खरी नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची ‘भारत एनकॅप’ ही परीक्षाही सुरू झाली. मात्र ती कंपन्यांच्या इच्छेवर आहे. ताऱ्यांवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. वॅगन-आरला २०१९ साली दोन तारे होते, नियम कडक झाल्यावर २०२३ मध्ये एकच उरला. शिवाय ही टक्कर साधारण सारख्याच वजनाच्या गाडीशी झालेली टक्कर समजायची. महामार्गावरच्या ट्रेलरने अशी कोणतीही परीक्षा दिलेली नाही.

आमची गाडी २०१६ ची, तीत पिशवी नाही. ती आता बसवताही येणार नाही. उरला पट्टा. मी मागे शोधू लागले, तर पट्टे सापडेनातच! आधीच्या मालकाने घातलेल्या सीट कव्हरखाली ते दडपलेले होते. बाबांनी ब्लेडने शिवण उसवली, तेव्हा दोन पट्टे निघाले. एकाच्या कुलपात चिंचोका अडकलेला. मागे पट्टा न लावणाऱ्यालाही १००० रुपये दंड आहे, हे मी सांगितले. पण बाबांना पटले ते चारशे किलोंचे गणित. त्यांनी ते मला पुन्हा करून दाखवायला लावले.

धाकट्यासाठी मोठ्या माणसांचा पट्टा चालत नाही, तो गळ्याशी येतो. त्याला वेगळे आसन लागते. बाबांनी दुकानातून किमतीचा कागद आणून खिशात ठेवला आहे. तोवर मनोरच्या फेऱ्या आम्ही एस. टी.ने करतो. आजीला तीच अधिक आवडते, कारण तिची खिडकी मोठी.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला