गोठ्यातले उंदीर आणि विषाची पुडी



रात्री जेवणखाण उरकल्यावर बॅटरी घेऊन एकदा आपल्या गोठ्यात जा. बॅटरी विझवून थोडा वेळ गप्प उभे राहा. गुरांचे रवंथ ऐकू येईल. पण त्याबरोबर आणखी एक आवाज येईल. कडब्यात खसखस, आढ्यावर धावपळ, पेंडीच्या पोत्यापाशी कुरतडणे. आता बॅटरी लावा. भिंतीच्या कडेने शेपट्या पळताना दिसतील.

गाय आपण पाळली. बैल आपण विकत आणले. पण गोठ्यात राहणारे हे तिसरे कुटुंब आपण बोलावले नाही. तरी ते आपलेच खाऊन वाढते.

एक मोठा उंदीर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम खातो. हे काही फार वाटत नाही. पण चाळीस उंदीर झाले की रोजचा एक किलो झाला. वर्षाचे ३६५ किलो झाले. ही झाली फक्त खाण्याची गोष्ट. खाण्यापेक्षा जास्त ते सांडतात, कुरतडतात आणि मुतून-हागून खराब करतात. तसली पेंड गाय हुंगते आणि तोंड फिरवते.

हे चाळीस होतात कसे? उंदराची मादी गाभण राहिली की सुमारे तीन आठवड्यांत विते. एका वेळेस सहा ते आठ पिल्ले होतात, कधी जास्तही. ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. तेव्हा 'दोनच तर आहेत' असे म्हणून बसू नये.

उंदरांपासून रोग

नुकसान नुसते दाण्यागोट्याचे नाही. उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा रोग पसरतो. पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस. गोठ्यातल्या ओलीत, चिखलात उंदीर मुततो. आपण अनवाणी शेण भरतो. पायाला भेग किंवा जखम असते. तिथून रोगाचे जंतू अंगात शिरतात. ताप येतो, पोटऱ्या आणि अंग फार दुखते, डोळे लाल होतात. पुढे कावीळ होते, मूत्रपिंडे बिघडतात. वेळेवर औषध मिळाले तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर दगावतो. २००५ साली मुंबईत महापूर आला, त्यानंतर या रोगाची मोठी साथ आली होती. हा रोग गुरांनाही होतो. गाभण गाय त्यामुळे गाभ टाकू शकते.

दुसरा रोग प्लेग. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावेच्या गावे ओस पडली. लोक रानात झोपड्या बांधून राहिले. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रोगी पुन्हा आढळले. प्लेगाने उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडतात आणि माणसाला चावतात. म्हणून गावात आपोआप उंदीर पटापट मरून पडू लागले, तर त्यांना हात लावू नये. लगेच आरोग्य केंद्रात कळवावे.

तिसरा धोका सापाचा. नाग आणि घोणस गोठ्यात येतात ते उंदरामागे. उंदीर नाही तिथे सापाला काम नाही.

विष का नको?

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, "गुरुजी, एवढं कशाला सांगता? बाजारातून पुडी आणतो आणि पिठात कालवून ठेवतो. झालं काम."

आम्ही म्हणतो, थोडे थांबा. ते काम होत नाही.

बाजारात जी काळी पूड मिळते ती बहुधा जस्त आणि फॉस्फरसची असते. ती पोटात गेली की तिचा विषारी वायू होतो. या विषावर नेमका उतारा नाही. गोठा म्हणजे काही कुलूपबंद खोली नव्हे. तिथे वासरू मोकळे असते, कोंबड्या दाणे टिपतात, मुले खेळतात. पिठाची गोळी ही विषाची आहे, हे दोन वर्षांच्या पोराला कोण सांगणार? पेंडीत चुकून गोळी पडली तर दुभती गाय जाते. विषाने मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजर मरू शकते, घुबडाने खाल्ला तर घुबड मरू शकते. म्हणजे उंदीर मारणारेच आपण मारतो.

शिवाय उंदीर हुशार असतो. नवे खाणे दिसले की तो आधी थोडेसे चाखून बघतो. पोटात दुखले की त्या खाण्याकडे पुन्हा फिरकत नाही. काही मरतात, बाकीचे सावध होतात. मेलेले कडब्यात, आढ्यात सडतात. आणि खाणे-पिणे, बिळे सगळे जागच्या जागी असल्याने राहिलेले पुन्हा वाढतात. दोन-चार महिन्यांत होते तेवढे होतात.

काही जण फवारणीचे औषध कालवतात, काही जण उघड्या तारेत वीज सोडतात. हे तर मुळीच करू नये. अशा तारेला उंदराआधी घरचा माणूसच चिकटायचा. चिकट पुठ्ठेही नकोत. त्यांवर चिमण्या आणि पाली अडकतात आणि जीव तडफडत राहतो.

मग करायचे काय? उंदराला तीन गोष्टी लागतात. खाणे, पाणी आणि लपायला जागा. या तीन काढून घ्या. उंदीर कमी होतातच. हे काम क्रमाने करावे.

पहिले काम : खाणे बंद

पेंड, सरकी, भरडा, चुणी ही पोत्यात ठेवू नये. पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात किंवा पिंपात ठेवावी. प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून तो सारखे काहीतरी कुरतडतो. लाकूड, माती, विजेच्या वायरी, काही सोडत नाही. कुरतडलेल्या वायरीची ठिणगी कडब्यावर पडली की गोठ्याला आग लागते.

गुरांना आंबोण खातील तेवढेच द्यावे. रात्री गव्हाण रिकामी करून झाडावी. खाली सांडलेले दाणे झाडून कोंबड्यांना घालावेत. कोंबड्यांचे दाणेही रात्रभर पडू देऊ नयेत. रात्री पाण्याची बादली पालथी घालावी. रांजणावर झाकण ठेवावे. गोमूत्राची गटार वाहती ठेवावी. उकिरडा गोठ्याला चिकटून नको. त्यात घरचे शिळेपाके टाकले तर वरून मातीचा थर द्यावा.

दुसरे काम : लपायची जागा मोडा

कडबा जमिनीवर आणि भिंतीला टेकवून रचला की उंदराला फुकटचा वाडा मिळतो. खाली दगड किंवा खांब रोवून त्यावर फळ्यांचा माच करावा. माच जमिनीपासून निदान तीन फूट उंच असावा. भिंत आणि कडबा यांत माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट ठेवावी. माचाच्या प्रत्येक खांबाला वरच्या टोकाजवळ पत्र्याची उपडी थाळी बसवावी. उंदीर खांबावरून चढतो, पण उपड्या थाळीला अडतो. कणगीच्या पायांनाही अशाच थाळ्या बसवाव्यात.

मोडका नांगर, जुनी चाके, फाटकी पोती, विटांचा ढीग, हे सगळे 'कधी लागेल' म्हणून कोपऱ्यात पडलेले असते. ते लागत नाही, पण उंदराच्या पिल्लांना उपयोगी पडते. गोठ्याभोवतीचे गवत कापावे. छपरावर टेकलेली झाडाची फांदी छाटावी. घरात फिरणारा उंदीर चढण्यात तरबेज असतो. घूस जमीन पोखरते. म्हणून वरही बघावे आणि खालीही बघावे.

तिसरे काम : सापळा

खाणे बंद झाले की उंदीर भुकेला होतो. आता सापळा लावावा. खाणे उघडे असताना सापळा लावला तर त्यात कोण येणार? त्याला पेंडीचे पोते आहे की!

उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चाप ताणू नये. नुसती भाकरी, भजे किंवा शेंगदाणे वर ठेवावेत. खाऊ द्यावे. धीट झाला की मग चाप ताणावा. सापळा अंगणाच्या मधोमध ठेवू नये. उंदीर भिंतीला अंग घासत पळतो. जिथे भिंतीच्या तळाशी काळपट, तेलकट पट्टा दिसतो, ती त्याची वाट. सापळा तिथे, भिंतीला काटकोनात ठेवावा. वरून लाकडी खोके पालथे घालून दोन बाजूंना भोके ठेवावीत. म्हणजे कोंबडी आणि मुलाचे बोट वाचते. एकाच्या जागी सहा-सात सापळे एकदम लावावेत.

सापळ्याची चांगली जोरकस स्प्रिंग असावी. जीव एकदम जावा, कण्हत राहू नये. पिंजऱ्यात धरलेला उंदीर शेताच्या बांधावर सोडणे हा उपाय नव्हे. तो शेजाऱ्याच्या गोठ्यात जातो किंवा आपल्याकडेच परत येतो. मेलेला उंदीर उघड्या हाताने धरू नये. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून उचलावा, खोल खड्ड्यात पुरावा आणि साबणाने हात धुवावेत.

चौथे काम : बिळे बुजवा

संध्याकाळी सगळी बिळे ओल्या मातीने बंद करावीत. सकाळी बघावे. ज्याची माती उकरलेली, ते बीळ चालू आहे. जवळ सापळा ठेवावा. दोन-चार दिवस माती तशीच राहिली की मग ते कायमचे बुजवावे. नुसत्या मातीने नव्हे. खडी आणि काचेचे तुकडे ठासून वर सिमेंट लावावे. अंगठा जाईल एवढ्या भोकातून उंदीर जातो आणि पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान जातीचा उंदीर जातो. झरोक्याला बारीक, पाव इंची जाळी लावावी. दाराखालची फट पत्र्याची पट्टी मारून बंद करावी.

हे काम शेवटी का? आधी बुजवले तर भुकेले उंदीर घरात घुसतात किंवा नवी बिळे पाडतात.

आपले मदतनीस

मांजर जरूर पाळावे, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नये. पेंड उघडी असेल तर मांजर मारील त्यापेक्षा जास्त उंदीर जन्मतात. मांजर उपाशी ठेवले तरच शिकार करते, हेही खरे नाही. पोटभर जेवलेले मांजरही शिकार करते, आणि ते घर सोडून जात नाही.

पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड जुन्या वाड्यात, माळ्यावर राहते. ते बहुतेक उंदरांवरच जगते. लोक त्याला अपशकुनी म्हणून दगड मारतात. पण घुबड लक्ष्मीचे वाहन आहे, हे विसरतात. दाणे राखणारा पक्षी लक्ष्मीजवळ असायचाच.

धामण बिनविषारी आहे. ती उंदीर खाते. ती म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिते, ही केवळ समजूत आहे. सापाच्या तोंडाची ठेवण दूध ओढण्यासारखी नाहीच. मात्र ओळख पटत नसेल तर कोणत्याही सापाच्या जवळ जाऊ नये. चिचुंद्री उंदीर नव्हे. ती किडे खाते. तिला मारू नका.

आमच्या गावात एका आजींनी विचारले, "गुरुजी, उंदीर गणपतीचं वाहन. त्याला मारायचं म्हणजे पाप नाही का?"

आम्ही म्हणालो, "आजी, वाहन आहे म्हणून गणपती त्याच्यावर बसतो. आपण उंदराला आपल्या डोक्यावर बसवून घेतलंय. तुम्ही पेंडीवर झाकण ठेवा, गव्हाण झाडा. जे उंदीर जन्मालाच येणार नाहीत, ते मारावे लागणार नाहीत." आजींना पटले.

एकट्याचे काम नव्हे

आपला गोठा झाडला आणि शेजारचा तसाच राहिला, तर शेजारचे उंदीर इकडे येतात. म्हणून आळीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात हे काम करावे. सुगी झाली की उंदीर शेतातून गावात येतात. त्याच्या आधीच तयारी करावी. पावसाळ्याआधी पुन्हा एकदा बिळे तपासावीत. गोठ्यात काम करताना पायात गमबूट किंवा निदान चप्पल घालावी. जखमेवर पट्टी बांधावी. गोठ्यात काम केल्यानंतर ताप आला तर अंगावर काढू नये. दवाखान्यात जावे आणि 'आमच्या गोठ्यात उंदीर आहेत' हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. औषध ठरवताना त्यांना त्याची मदत होते.

लक्षात ठेवा

१. पेंड पत्र्याच्या डब्यात ठेवा. रात्री गव्हाण झाडा.
२. रात्री बादली पालथी घाला, रांजण झाका.
३. कडबा माचावर, भिंतीपासून दूर रचा.
४. आधी खाणे बंद, मग सापळा, मग बिळे बुजवणे.
५. मेलेल्या उंदराला उघडा हात लावू नका.
६. मांजर, गव्हाणी घुबड, धामण यांना जपा.
७. विषाची पुडी घरात आणू नका.

आज घरी गेल्यावर पहिली गोष्ट एवढीच करा. पेंडीचे पोते उघडे आहे का, ते बघा. उघडे असेल तर आजच त्याला डबा शोधा.