पबातली विद्वत्सभा

लीड्सहून सुट्टीत जालन्यास आलेल्या भाच्याने, तिकडे प्राध्यापक पबात विनामूल्य व्याख्याने देतात असे सांगितले, तेव्हा सदर बाजारातील आमची बैठक क्षणभर अवाक् झाली.

पॅरिसच्या तत्त्वज्ञान-कॅफेंपासून स्फूर्ती घेऊन डंकन डॅलस यांनी १९९८ साली लीड्समध्येच आरंभिलेल्या ‘कॅफे सायंटिफिक’चा दस्तूर असा, की वक्त्याचे अल्प निवेदन झाल्यावर पेले भरण्यापुरती विश्रांती आणि उरलेला सारा वेळ श्रोत्यांच्या सवालांसाठी.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा थोर खरी. परंतु व्यासपीठ उंचावले की श्रोता मुका होतो, असे माझे मत.

अशी सवालजबाबाची सभा भरवण्यास आमच्या मराठवाड्यात मद्याची मुळीच जरूर नाही. चहाचे हॉटेल पुरे!